फॉर्ममध्ये नसलेला एक शब्द

संपादक महोदय,

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रक्त घेण्याआधी दात्याला आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. गोंदवलंय का, कान-नाक टोचलंय का, ऑपरेशन झालंय का? मागच्या महिन्यात एक तरुण सगळ्यालाच 'नाही' म्हणाला. खाटेवर आडवा होताना त्याची कॉलर सरकली आणि मानेखाली दोन जांभळे गोल दिसले, आत बारीक चिरांच्या खपल्या. विचारलं तर म्हणाला, "हिजामा केलाय मॅडम, दहा दिवस झाले. ती सुन्नत आहे, ऑपरेशन थोडंच?" हिजामा म्हणजे कातडीवर बारीक चिरा मारून कप लावायचा आणि पंपाने हवा ओढून रक्त काढायचं; सुन्नत म्हणजे पैगंबरसाहेबांची रीत. काही महिने थांबून ये, असं सांगून त्याला परत पाठवलं. बिचारा ओशाळला. चूक त्याची नव्हती. आमच्या फॉर्ममध्ये तो शब्दच नाही.

मी मुसलमान आहे, आमच्या घरातही हिजामा होतो. पैगंबरसाहेबांनी इहराममध्ये (मक्केच्या यात्रेतल्या पवित्र अवस्थेत) असताना डोकेदुखीसाठी तो करून घेतला आणि अबू तैबा या हिजामा करणाऱ्याला मेहनताना दिला, हे बुखारीच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचन-कृतींच्या संग्रहात, आहे. ('हज्जाम' हा शब्दही मुळात याच कामाचा.) मराठीत याला तुंबडी लावणे म्हणतात. मान-पाठ दुखत असेल तर काहींना आराम पडतो, पण त्याचे पुरावे अजून फार भक्कम नाहीत. 'खराब रक्त तेवढंच निघतं' हे मात्र मला पटत नाही. कपात साकळलेलं रक्त काळपट दिसणारच. शरीर काही वाईट रक्त वेगळं काढून ठेवत नाही.

त्या तरुणाला मी विचारलं, ब्लेड नवीन होतं का? "हो, माझ्यासमोर पाकीट फोडलं." आणि कप? "धुतलेले होते." इथेच घोडं पेंड खातं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. पंप जोडायच्या झडपेत शिरलेलं रक्त विसळून निघत नाही, आणि स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. चिरा मारायच्या असतील तर कपसुद्धा एकदाच वापरून टाकायचा. त्यातून चांद्र महिन्याच्या १७, १९ आणि २१ तारखा हिजाम्यासाठी उत्तम मानल्या जातात, म्हणजे गर्दी नेमकी त्याच दिवशी. घाईत कप विसळले जातात ते तेव्हाच.

आमच्या अब्बांना स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी हिजामा करताना त्यांना कोणी त्याबद्दल विचारलं नाही. घरी आले तेव्हा बनियन पाठीला चिकटलेला होता. रात्रीत दोनदा पट्टी बदलली, रक्त थांबलं पहाटे. मी चिडले तर तेच मला म्हणाले, "सुन्नत आहे, बेटा." मग मी त्यांना अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस काढून दाखवली. वैद्यकी ठाऊक नसताना जो वैद्यकी करतो, तो नुकसानीला 'जामिन', म्हणजे जबाबदार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता जाताना गोळ्यांचं पाकीट खिशात घेऊन जातात आणि आधी डॉक्टरांना विचारतात.

हिजामा करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, गोळ्या, रक्तदाब, साखर, गरोदरपण विचारावं, ब्लेड कडक डब्यात टाकावं. आणि रक्तपेढ्यांनी 'गोंदवणे' या शब्दाशेजारी 'हिजामा' छापावं. तोवर मी प्रत्येक फॉर्मवर तो पेनाने लिहिते आहे.

आपली,
रक्तपेढीतील एक तंत्रज्ञ