प्राणायाम करतो, पण थ्री फेज लाइन दिवसा द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत स्वायत्त मज्जासंस्थेवर लेख आला होता. छातीचे ठोके, पचन, घाम, बीपी हे सगळं आपल्याला न विचारता चालवणारी यंत्रणा आणि तिचा तोल सांभाळायला काय करायचं, म्हणजे दीर्घ श्वास, सकाळचं कोवळं ऊन, रात्री मोबाइल दूर, दहाला झोप वगैरे. लेख चांगला होता, मी कात्रण काढून ठेवलं. पण रात्री दहाला झोपा हे वाचून आमच्या घरचे हसले, कारण विजेच्या लाइनची रात्रीची पाळी असली की आमच्याकडे दहाला तर शेतातली मोटर सुरू करायला निघतात. मी आरोग्यसेवक होतो, नोकरी सगळी यवतमाळ जिल्ह्यातच झाली, आता रिटायर होऊन कापूस, तूर, चना करतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे म्हणून लिहितो.

श्वासाचं जे लिहिलं ते खरं आहे. श्वास घेताना ठोके थोडे जलद होतात आणि सोडताना मंद होतात, निवांत बसून मनगटावर तीन बोटं ठेवली तर समजते, तरण्या पोराच्या हातावर जास्त चांगलं समजते, वय झालं की फरक कमी होत जातो. मेंदूच्या बुडातून निघणारी व्हेगस नावाची नस आहे, डोक्यातून निघणाऱ्या नसांमधली दहावी, ती मान, छाती करत पार आतड्यापर्यंत जाते आणि श्वास सोडताना तीच हृदयाला आवरते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि ओम मणि पद्मे हुम हा मंत्र दोन्ही तपासले, तर दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि बीपी सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चपळ होते असं दिसलं. आमच्या गावात संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिथं लांब ओळ एका दमात म्हणताना म्हाताऱ्या माणसांचा श्वास आपोआप लांबतो, त्याला वेगळा क्लास लावायची गरज नाही. फक्त एक, श्वासावर विश्वास ठेवून बीपीची गोळी सोडू नका, शिबिरातून आल्यावर गोळ्या उकिरड्यावर फेकणारे लोक मी पाहिले आहेत.

मला खटकलं ते वेगळंच. लेखात अनुकंपी बाजू म्हणजे ऍक्सिलेटर आणि परानुकंपी म्हणजे ब्रेक असं लिहून पुढं सगळा भर ब्रेक वाढवण्यावर दिला आहे, जणू शांतवाली बाजू जितकी जास्त तितकं चांगलं. आमच्या जिल्ह्यानं त्या बाजूचा अतिरेक डोळ्यानं पाहिला आहे.

कसा ते सांगतो. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस विजेनं चेतवली, ठोके मंदावले, मग त्या हृदयातलं खारं पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिलं तर तेही मंदावलं, त्याची नस चेतवलेली नसताना. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. ते ॲसिटिलकोलीन, आणि या कामासाठी लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत १९३६ चं नोबेल मिळालं. या ॲसिटिलकोलीनचं काम झालं की एक एन्झाइम त्याला लगेच तोडते, म्हणून ब्रेक लागतो तसा सुटतोही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची फवारणीची औषधं त्या एन्झाइमलाच बांधून टाकतात, मग लागलेला ब्रेक सुटतच नाही. अळीत तेच होते आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसातही तेच होते.

२०१७ च्या हंगामात कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावरच येई, पंपाचं झाकण ढिलं असलं की औषध पाठीवरून पँटीत उतरे, तोंडाला बांधलेला रुमाल औषधानं ओला झाला की तोच रुमाल नाकाशी. त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. लक्षणं अशी असतात की लाळ गळते, डोळ्यातून पाणी, अंगभर घाम, ओकारी, जुलाब, बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो, छातीत घरघर, मांसात फडफड, नाडी बऱ्याचदा मंद. घरचे म्हणतात ऊन लागलं, लिंबूपाणी द्या अन् सावलीत झोपवा. अशा माणसाला दीर्घ श्वास घे म्हणून बसवलं तर जीव जाईल. त्याचे कपडे काढायचे, साबणानं धुवायचं, ओकायला लावायचं नाही आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. तिथं ॲट्रोपिन देतात, ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवते आणि छातीतलं पाणी सुकवते. हे ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते, पण म्हणून कोणी धोतरा उगाळून पाजायचा आगाऊपणा करू नये, धोतरा स्वतःच विष आहे. आणि सगळी कीटकनाशकं या जातीची नसतात, प्रत्येकाला ॲट्रोपिनचा उपयोग नाही, म्हणून बाटलीवरचं नाव डॉक्टरला दिसलंच पाहिजे.

आता ऍक्सिलेटरची बाजू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१५ मध्ये संकटात शरीर कसं तयार होते ते लढा नाहीतर पळा म्हणून जे सांगितलं ते आमच्याकडे जागलीवर, म्हणजे रात्री पीक राखताना, रोज पाहायला भेटते. तूर शेंगेवर आली की धुऱ्यावर मचान बांधून टॉर्च आणि फटाके घेऊन बसावं लागते, डुकरांचा कळप घुसला की तुरीतून कडकड आवाज येते, छाती धडधडते, तोंड कोरडं पडते, पोट आवळते. त्या वेळी शरीर अगदी बरोबर काम करून राहिलं. भानगड नंतर होते, कारण डुकरं गेली तरी झोप येत नाही आणि सकाळी सातला मजूर उभे राहतात. रब्बीत त्यात लाइनची भर. आमच्या फिडरवर काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मोटर चालवणारी थ्री फेज वीज येते, रात्रीची पाळी असली की चन्यातले स्प्रिंकलरचे पाइप थंडीत बदलायचे, पाय चिखलात, साप आहे की नाही ते दिसत नाही आणि मधेच लाइन गेली की विहिरीपर्यंत पुन्हा स्टार्टर दाबायला जा. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत उतरते, तो शरीराचा आरामाचा टाइम आहे. झोपच नाही तर उतरेल कधी? दुपारी शेजारी मला म्हणतो, भाऊ डोकं भणभणते, योगा सांगा ना. मी काय सांगू?

मग टेन्शन घालवायला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घासून केलेला माल. त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही, विदर्भाच्या आवृत्तीत तरी पाहिजे होती. लँगले नावाच्या ज्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९८ मध्ये या यंत्रणेला स्वायत्त हे नाव दिलं त्यानं या नसांच्या गाठी शोधायला निकोटिनच वापरलं होतं, इतकं ते नेमकं तिथं जाऊन बसते. तंबाखूतलं निकोटिन ठोके आणि बीपी वाढवते, सुपारीतलं अरेकोलीन उलट परानुकंपीसारखं काम करून तोंडाला लाळ सोडते, म्हणजे एकाच पन्नीत घासलेला माल दोन्ही बाजू ओढतो. खाल्ल्यावर बरं वाटते ते बहुतेक तलफ भागल्याचं बरं वाटणं आहे.

हे सगळं मिळून तोल बिघडतो आणि माझ्या मते सर्वांगीण उपचार म्हणायचं तर यात लाइनचं टाइमटेबल पहिलं येते, प्राणायाम त्याच्या नंतर. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, जिथं पोचली तिथले लोक रात्री झोपतात, आमच्यासारख्या उरलेल्या गावांची पाळी कधी ते तुमच्या बातमीदारानं विचारून छापावं. पिकाला झटका मशीन (तारेला हात लागला की विजेचा झटका देऊन डुकरं पळवणारं), कुंपण याचं अनुदानही तसंच, जागल कमी झाली तर बीपीच्या अर्ध्या तक्रारी कमी होतील असं मला वाटते. हा माझा अंदाज आहे, पण गावात राहून केलेला.

आणि एक विनंती. फवारणीचा सिझन सुरू व्हायच्या आधी वर लिहिलेली लक्षणं आणि बाटली सोबत न्यायची सूचना एका चौकटीत छापा, बातमीच्या कोपऱ्यात नको, अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात, म्हणजे कृषी केंद्राच्या काउंटरवर चिकटवता येईल.

आपला,
एक रिटायर आरोग्यसेवक, जि. यवतमाळ