नववीच्या वर्गाला नदीवर जाऊ द्या

प्रति,
मा. ना. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आपण याच जिल्ह्याचे, मोसम-गिरणेच्या काठचे. त्यामुळे नाशिकची ओळख करून देत बसत नाही, थेट मुद्द्यावर येते. मी नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझे मागणे एवढेच आहे : या मुलांना महिन्यातून एकदा अर्धा दिवस शाळेच्या भिंतीबाहेर, जवळच्या नदीवर, टेकडीवर, तळ्यावर शिकू द्या आणि त्या जागेची देखरेख रीतसर त्यांच्याकडे सोपवा.

आठवीपर्यंत निदान कागदावर तरी सोय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. राज्याचा ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम पहिली ते आठवीसाठी आहे. नववीत पाऊल टाकले की हे सगळे संपते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलांना मोठ्यांचे म्हणणे पडताळून पाहावेसे वाटते, अंगात बळ असते, जबाबदारी दिली तर ती मनावर घेतात. नेमकी हीच दोन वर्षे आपण त्यांना शाळा आणि क्लास यांच्यामध्ये कोंडून ठेवतो.

जलसुरक्षा हा विषय नववी-दहावीला आहे आणि तो असायलाच हवा. पण बहुतेक ठिकाणी त्याचा प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे, कुठूनतरी उतरवून काढलेली माहिती आणि शेवटी एक श्रेणी. गोदावरीच्या गावात राहून मुले पाण्याचा विषय पाण्याजवळ न जाता पूर्ण करतात.

जवळ गेले की काय होते ते सांगते. गेल्या हिवाळ्यात पालकांची संमती घेऊन काही मुलांना ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या एका ओहोळावर नेले होते. सामान म्हणजे एक पांढरा ट्रे, चहाची गाळणी आणि दोन भिंगे. पाण्यातला दगड उलटा केला की खालच्या बाजूला चपटे, बारीक कीटक चिकटलेले दिसतात. शेपटीला तीन तंतू, पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे कल्ले. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्ले, भरपूर ऑक्सिजन असलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारी. पुढच्या आठवड्यात तोच ट्रे घेऊन आम्ही शाळेजवळच्या नंदिनीवर, म्हणजे आपल्या नासर्डीवर गेलो. गाळणीत काळा गाळ आला आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. “मॅडम, या लाल का?” एका मुलीने विचारले. त्यांच्या अंगात आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. लगेच पुढचा प्रश्न : “मग इथला ऑक्सिजन गेला कुठे?” सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू तो वापरून टाकतात, हे मी सांगितले. पण मुले तेवढ्यावर थांबली नाहीत. काठाकाठाने वरच्या बाजूला चालत गेली. कुठे नाला मिळतो, कुठे पाइप उघडा पडतो, याचा नकाशा त्यांनी वहीत काढला. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगोल आणि नागरिकशास्त्र एका सकाळीत झाले. असा तास मला वर्गात कधीच घेता आला नसता.

नाशिकच्या तपोवनातली झाडे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, साधुग्रामसाठी, तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस आला आणि शहर पेटून उठले. माझ्या वर्गातही जोरात वाद झाला, त्याचा मला आनंदच आहे. पण तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी मुलांना करंज आणि शिरीष यांतला फरक सांगता येत नव्हता. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, छातीच्या पातळीला, टेप लावून खोडाचा घेर मोजता येतो आणि त्यावरून झाड किती मोठे आहे ते नोंदवता येते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला एका तासात शिकवता येते. प्रत्येक शाळेने आपल्या भागातली झाडे जातीसह आणि घेरासह नोंदवली, तर उद्या असा वाद झाला तेव्हा शहराच्या हातात आधाराला काहीतरी असेल.

आता अडचणीचे बोलते. शाळेतून दहा मिनिटे चालत नदीवर जायचे, तरी ती ‘सहल’ समजली जाते आणि परवानग्यांचे कागद सुरू होतात. मुख्याध्यापक घाबरतात, त्यात त्यांची चूक नाही. काही विपरीत घडले तर सगळे त्यांच्यावरच शेकते. म्हणून चालत जाण्याच्या अंतरावरच्या अशा वर्गाला शासन निर्णयात सहलीपासून वेगळे काढा, तो वेळापत्रकाचा भाग माना, सोबत किती शिक्षक हवेत ते ठरवून द्या आणि विद्यार्थी-शिक्षकांना विम्याचे संरक्षण द्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना काठावर जायचे नाही, हे आम्हाला कळते. पावसाळ्यात टेकडी आहे, शाळेचे आवार आहे.

जागांची तर आपल्याकडे श्रीमंती आहे. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे वारकरी, थापट्या, चमच्या या पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. ममदापूरला काळवीट, बोरगडला गिधाडे, आणि अंजनेरीवर कंदीलपुष्पाची अशी एक जात जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. वर्षातून एकदा तिथवर जायला एसटीची सोय झाली तर उत्तमच. पण माझा जीव महिन्याच्या त्या अर्ध्या दिवसात अडकला आहे, कारण एकदा पाहिलेल्या जागेशी नाते जुळत नाही. त्याच वळणावर, त्याच झाडाखाली वर्षभर जावे लागते.

म्हणून प्रत्येक माध्यमिक शाळेला नदीचा एखादा टप्पा, ओढा किंवा टेकडी नेमून द्या. तिची एक नोंदवही असावी आणि दहावीच्या मुलांनी शाळा सोडताना ती नववीच्या हाती द्यावी. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची लोकजैवविविधता नोंदवही असते; मुलांच्या नोंदी तपासून तिच्यात घ्याव्यात. जलसुरक्षेची श्रेणीही याच कामावर द्यावी. आणि मुलांनी उघडा नाला दाखवला, तर महापालिकेकडून त्यांना ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. हा मुद्दा कृपया गाळू नका. उत्तरच आले नाही, तर दुसऱ्या वर्षी मुले नोंदी करणे सोडून देतील, आणि मी त्यांना कोणत्या तोंडाने थांबवू?

पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून शिकायला आलेली मुले आमच्या वर्गात असतात. त्यांतला एक मुलगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प असायचा. टेकडीवर गेलो तेव्हा टाकळा कोवळा कधी खुडायचा, करटोलीचा वेल कसा ओळखायचा, हे तो सांगत होता आणि शहरातली मुले त्याच्यामागून फिरत होती. अशी मुले या कामात पुढे राहिली पाहिजेत. त्यासाठी आदिवासी विकास विभागाशी बोलून आश्रमशाळाही यात घ्या.

२०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी मोठी कामे होत आहेत. आज नववीत असलेली मुले त्यापुढच्या सिंहस्थात, २०३९ साली, सत्तावीस वर्षांच्या आसपासची असतील. कोणी अभियंता असेल, कोणी नगरसेवक, कोणी नदीकाठची रहिवासी. तेव्हाचे निर्णय तीच घेतील.

शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी नाशिक जिल्ह्यातल्या काही शाळांपुरता तरी शासन निर्णय निघावा. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित, अशा तिन्ही प्रकारच्या शाळा त्यात असाव्यात. मसुदा करताना वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांना बोलवा. आम्ही सुट्टीतही येऊ.

आपली नम्र,
नाशिकमधील एक विज्ञान शिक्षिका