मॅडम, त्या एका ओळीबद्दल

मॅडम,

निकाल लागून गेलाय, त्यामुळे मार्कांसाठी मस्का मारतेय असं आता कुणी म्हणणार नाही.

डिप्लोमाला ऑपरेटिंग सिस्टिम एकदा 'शिकून' झाली होती. म्हणजे बँकर्स अल्गोरिदम जर्नलमध्ये उतरवला, राउंड रॉबिनचा प्रोग्राम सीनियरच्या फाइलमधून टिपला, आउटपुटचा प्रिंट चिकटवला, सही मिळाली. प्रोग्राम चालतो का, हे तिथल्या सरांनी कधी विचारलं नाही. इंडेक्स पूर्ण आहे ना, बस.

तुम्ही थेट एक्सव्ही६ हातात दिलंत, एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठीच लिहिलेलं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वर गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन), टेस्ट, एकमेकांचा कोड तपासायचा रिव्ह्यू. मागच्या बाकांवर कुरकुर झालीच : हा ओएसचा तास की सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा? (तो पेपर वेगळा आहेच. त्यात वॉटरफॉल मॉडेलची आकृती काढतात.) तुम्ही एवढंच म्हणालात, की गिट लिनक्सच्या जनकाने, टोरवाल्ड्सनी, २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्याच कामासाठी लिहिलं. बाकीचं आम्हाला कोडनेच पटवलं. प्रोसेसरच्या एका कोअरवर गुण्यागोविंदाने चालणारा प्रोग्राम तीन कोअर दिले की कधीतरीच, मनात येईल तेव्हा अडकायचा. एकदा चाललं म्हणजे बरोबर, हा भ्रम तिथेच गेला. टेस्ट पुन्हापुन्हा चालवायच्या आणि नेमक्या कुठल्या कमिटने, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाने, घात केला ते बायसेक्टने (दरवेळी निम्मे बदल वगळत) हुडकायचं, ही सवय लागली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही स्वतःचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आमच्याकडे तपासायला पाठवलात, त्यासाठी आहे. मेमरीचं पान मिळालं नाही तर फंक्शन लॉक न सोडताच परत फिरत होतं, म्हणजे त्या लॉकसाठी थांबलेले बाकीचे अडकूनच राहणार. मला ते दिसलं, पण मॅडमची चूक काढायची कशी? भीत भीत कमेंट टाकली. तुमचं उत्तर आलं, "बरोबर. बदललं." आणि कमिटखाली ओळ : रिव्ह्यूड-बाय (म्हणजे तपासणारी), पुढे माझं नाव. लिनक्सवाले लिहितात तशी.

तोवर माझं नाव फक्त हजेरीपटावर आणि जर्नलच्या कव्हरवर असायचं, हो.

हुशार माणसं मुंबईत ढिगाने भेटतात. विद्यार्थ्याने दाखवलेली चूक चारचौघांत मान्य करून त्याचं श्रेय त्यालाच देणारी किती? मला तरी तुम्हीच पहिल्या.

नव्या बॅचचे पॅच तपासायला हात कमी पडत असतील तर हक्काने सांगा. शनिवारी मला सुट्टी असते.

तुमची विद्यार्थिनी