परसातल्या कोंबड्या आणि शंभराची बाटली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसातल्या कोंबड्यांपासून महिन्याला किती उत्पन्न, याचे तक्ते आपल्या शेतीच्या पानावर अधूनमधून येतात. ते वाचून आमच्या यजमानांनीही एकदा वही उघडली. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देणार. त्यातली निम्मी घरात खाल्ली, काही उबवायला ठेवली, काही शेजारच्या बाळंतिणीकडे गेली. तिसऱ्या पानावर हिशेब थांबला आणि उरलेल्या वहीत नातीने चित्रं काढली.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. तीन एकर कापूस-तूर. गेल्या मार्चमध्ये बाजारातून दोन कोंबड्या आणल्या आणि त्याच रात्री बाकीच्यांसोबत खुराड्यात कोंडल्या. चूक आमचीच. आठवड्याभरात मर आली. हिरवट पातळ शीट, वाकडी मान, उभी कोंबडी जागच्या जागी गोल फिरायची. राणीखेत रोग. 14 पैकी तीन उरल्या, त्यात नातीचा लाडका कोंबडा, फौजदार.

मेअखेर उरलेल्या दोघींपैकी एक कुटाराच्या ढिगात ठाण मांडून बसली. मी उठवायला गेले, तर सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "तिले काहून हुसकून रायली वं? खुडूक झाली ते. बसू दे तिले!" टोपल्यात कुटार घालून 13 अंडी मांडली. विषमच पाहिजेत, का, ते सासूबाईंना विचारायची सोय नाही. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली, म्हणजे दुसरीने मध्येच आपलं अंडं घातलं तर ओळखू यावं. सातव्या रात्री दिवे मालवले आणि मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा, मध्ये ठिपका, आणि तो ठिपका हलला. दुसरीतली आमची नात, जिचं तोंड एरवी मिटत नाही, गप्प झाली. अंडं परत ठेवताना मात्र तिने दोन्ही हातांनी ठेवलं.

तीन अंडी कोरी निघाली. 21 व्या दिवशी उरलेल्या दहांतून नऊ पिल्लं बाहेर आली. एक पुढे घारीने नेलं.

पिल्लांसाठी यजमान संध्याकाळी जुन्या मडक्यात शेण आणि ओलं कुटार भरून धुऱ्यावर उपडं घालत. सकाळी मडकं उचललं की आत उधई, म्हणजे वाळवी, वळवळत असायची. ती अंगणात झटकली की पिल्लं तुटून पडत, एकीच्या चोचीतलं दुसरी ओढून पळे. आम्ही सगळे चहाचे कप घेऊन बघत बसायचो, मुलगासुद्धा मोबाईल खाली ठेवून. आमचे यजमान माणसांशी दिवसाला दहा शब्द बोलत नाहीत, पण पिल्लांना "हळू, हळू, पुरते सगळ्यायले" असं समजावताना मी कानांनी ऐकलंय.

आखाडीला पाहुणे आले तेव्हा नातीला वेगळाच संशय आला. तिने फौजदारला न्हाणीत टोपल्याखाली लपवलं आणि वर पोतं टाकलं. कोंबडं झाकल्याची म्हण तिला अजून शाळेत शिकवायची असावी. पाहुणे हात धुवायला न्हाणीत गेले आणि फौजदार भर दुपारी आरवला. त्या दिवशी पाटोडीच्या रश्श्यावर भागवलं. पाहुणे काही बोलले नाहीत, पण दिवाळीला आले तेव्हा मटण सोबत घेऊन आले.

पत्र लिहायचं खरं कारण लसीचं आहे. पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर राणीखेतची आरटूबी लस टोचून घ्यावी म्हणून चौकशी केली, तर बाटली 100 मात्रांची. फोडून द्रावण केलं की दोनेक तासांत संपवायची, तोवर बर्फात ठेवायची. आमच्याकडे कोंबड्या 11. उरलेल्या 89 मात्रा नालीत ओतायच्या का? एका घरासाठी बाटली फोडा म्हणायची मलाच लाज वाटली. शेवटी आळीतल्या नऊ घरांची मोट बांधली. कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, दिवेलागणीला, पशुधन पर्यवेक्षक थर्मासमध्ये बर्फ घेऊन आले. मुलं एकेक पकडून देत होती आणि टोचून झालेलीच्या पायाला माझ्या जुन्या साडीची चिंधी बांधत होती, नाहीतर एकीलाच दोनदा सुई बसायची. तासाभरात काम उरकलं. तेव्हापासून आमच्या आळीत मर नाही.

उत्पन्नाचे तक्ते छापा, त्याला ना नाही. पण त्याच पानावर उन्हाळ्याच्या तोंडी एक चौकट लसीचीही द्या: बाटली केवढी असते, किती वेळात संपवायची, शेजारी मिळून कशी वापरता येते. पाच-दहा कोंबड्यांची घरं गावोगाव आहेत आणि त्यांच्याकडे मर आल्यावरच धावाधाव होते.

आमच्या आळीत या वर्षीची मोजणी झाली. 104 भरल्या, म्हणजे चार जास्त. त्यातल्या दोन खुडूक बसल्यात, त्यांना कोणी हात लावायचा नाही असं सासूबाईंनी आधीच बजावून ठेवलंय.

आपली,
एक वाचक भगिनी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ