क्रिएटिनिन नॉर्मल असलं तरी

प्रिय सुहास,

काकांच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचे रिपोर्ट पाहिले. 'क्रिएटिनिन १.३, नॉर्मलमध्ये आहे, सुटलो,' असं तू लिहिलंस. तुझ्या आनंदावर विरजण घालायचं नाहीये, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी एक आकडा आहे, तो तुझ्या नजरेतून सुटलाय. लघवीतला एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण: २१०. तो ३०च्या आत हवा.

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा कचरा; रक्तात वाढलं की मूत्रपिंडं कमी पडतायत असं समजायचं. पण ते फार उशिरा बोलतं रे. मूत्रपिंडांची निम्मी ताकद गेली तरी ते पुष्कळदा नॉर्मलच्या रकान्यातच असतं. शिवाय ते स्नायूंमधून येतं, म्हणून वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा मुळातच कमी. आईचं हेच झालं. पाच वर्षं मी स्वतः तिचं रक्त लॅबमध्ये नेत होतो, आकडा बघून कागद फाइलला लावत होतो. लघवी तपासायचं कुणालाच सुचलं नाही, रोज याच कामात असून मलाही नाही. एका संध्याकाळी तिच्या नडगीवर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला; पायात पाणी साचून सूज आली होती. तो खड्डा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून तुला एवढं लिहितोय.

ईजीएफआर, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला गाळण्याच्या वेगाचा अंदाज, आज मूत्रपिंडं किती काम करतायत ते सांगतो. लघवीत अल्ब्युमिन येणं म्हणजे मूत्रपिंडातली गाळणी सैल झाल्याची खूण, आणि पुढची घसरण किती वेगानं होईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. दोघांचा ईजीएफआर ५५, पण एकाचा एसीआर १० आणि दुसऱ्याचा ४००, तर दुसऱ्याला धोका कितीतरी जास्त. वय, लिंग आणि हे दोन आकडे घेऊन दोन आणि पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता काढायचं सूत्र २०११ मध्ये कॅनडातल्या रुग्णांच्या नोंदींवरून तयार झालं, नंतर अनेक देशांत पडताळलं गेलं. ते ईजीएफआर साठच्या खाली असलेल्यांसाठी आहे; काकांचा ५८, म्हणजे त्यांना ते लावता येईल. मात्र उत्तर पाच टक्के आलं, तर त्यांच्यासारख्या शंभरांतले पाच एवढाच त्याचा अर्थ. काका त्या पाचांत की पंच्याण्णवांत, हे सूत्राला ठाऊक नसतं.

आणि एका रिपोर्टवर निकाल लावू नकोस. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तीन महिन्यांत आणखी दोनदा, सकाळची पहिली लघवी तपासून घे. जुने ईजीएफआर तारखेनुसार चौकटीच्या वहीत मांड. रेघ किती उतरतेय ते दिसेल.

डॉक्टरांना एसीआर मुद्दाम दाखव. गाळणीवरचा दाब कमी करणाऱ्या गोळ्या आता आहेत. अल्ब्युमिन खाली आलं तर घसरणही मंदावण्याची आशा असते. त्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरतो. घाबरून आपल्या मनानं गोळी बंद करू नकोस, आधी त्यांना विचार.

जुने कागद सापडले की फोटो पाठव, रविवारी फोनवर एकेक बघू. काकांना नमस्कार.

तुझा,
अविनाश