ओल कुठून येते ते आधी बघ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो बघितला. खिडकीखाली, पलंगामागच्या कोपऱ्यात हिरवे ठिपके. घरमालक म्हणतात, दिवाळीला रंग मारून देतो. एवढं ऐकलं आणि लिहायला बसलो. फोनवर तू "हो अण्णा, हो अण्णा" म्हणून ठेवून देतेस.

ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बापानं लेकीला ओलीबद्दल लिहावं, याचं मलाच हसू येतंय. पण बुरशीला चार महिने पाऊस लागत नाही. गिलावा दोन दिवस ओला राहिला तरी तिचं भागतं.

आधी ती बुरशीच आहे का बघ. पांढरी, मिठासारखी पूड भिंतीतून फुटत असेल तर तो लोणा. काळ्या मातीतलं पाणी पायातून वर चढतं आणि क्षार घेऊन येतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. पन्हळीखाली बाहेरून हिरवं बुळबुळीत असतं ते शेवाळ. त्याला उजेड लागतो, पलंगामागच्या अंधारात ते येत नाही. तुझ्या फोटोत मखमलीसारखे गोल ठिपके आहेत, वर कुबट वास येतो म्हणतेस, म्हणजे बुरशीच. हिरवी म्हणजे कोणती, हे रंगावरून कळत नाही. 1928 मध्ये फ्लेमिंगना पेनिसिलिन सापडलं ती बुरशी हिरवट, आणि ओल्या शेंगदाण्यात विष धरणारी तीही हिरवट. तुझे आजोबा जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की कडेची बुरा आलेली ज्वारी नाकाला पटका बांधून वेगळी काढायचे, जनावरांनासुद्धा घालायचे नाहीत. जात कोणती, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तू फक्त पाणी कुठून येतं ते शोध. डागाशेजारच्या कोरड्या दिसणाऱ्या जागेवर वीतभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लाव आणि दोन दिवस ठेव. आतून दव आलं तर पाणी भिंतीतून येतंय: खिडकीच्या पाटाला उतार नाही, बाहेर चीर आहे, नाहीतर वरच्या मोरीचा नळ गळतोय. ते काम घरमालकाचं, भाडं देतेस म्हणून बिनधास्त सांग. दव प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आलं तर ती खोलीतलीच वाफ. खोलीत दोरी बांधून कपडे वाळवतेस ना? कुकर लावताना खिडकी उघड, आणि पलंग भिंतीपासून वीतभर लांब सरकव, वारा खेळू दे.

आता एक गोष्ट, तुला कधी सांगितली नव्हती. तू चार वर्षांची असताना आपल्या माजघरात, ज्वारीच्या पोत्यांमागं असंच हिरवं आलं होतं. घरात लग्न होतं, पाहुणे येणार. मी न खरवडता लांबी, म्हणजे पुट्टी, फिरवली आणि ऑइलपेंट मारला. रंगानं ओल आतच कोंडली. दोन महिन्यांत फोड आले, पोपडे पडले आणि आतून उशीएवढा हिरवा डाग निघाला. तोवर तू श्रावणभर खोकलीस. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? मी नाही म्हणालो. गवंड्याच्या घरात ओल आहे असं कसं म्हणायचं! शेवटी तुझ्या मायनं शिडी लावून धाब्याच्या छतावर जाऊन बघितलं. पन्हळ फुटली होती, अर्ध्या तासाचं काम.

म्हणून रंगाला नको म्हण. आणि साफसफाई तू करू नकोस, तुला दमा आहे. कोरड्या झाडूनं तर मुळीच झाडू नकोस, बुरशीची पूड खोलीभर उडते. डाग सव्वाहात लांब-रुंद आहे, तेवढं घरच्या घरी होतं. आधी ओलं करायचं, मग साबणाच्या पाण्यानं ब्रश मारायचा, पुसून घ्यायचं, आणि त्यानंतर पंखा लावून भिंत पूर्ण सुकवायची. ब्लीचच्या नादी लागू नकोस. ते आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू निघतो. पलंगाखालच्या खोक्यांना बुरशी धरली असेल तर ती टाकून दे, पुस्तकं उन्हात घाल.

रविवारी पहिल्या बसनं येतो. खरवडायची पत्री, ब्रश, मास्क मी आणतो. वरच्या काकूंना सांगून ठेव, सकाळी तासभर मोरीचा नळ बंद ठेवायचा, म्हणजे पाणी कुठून येतं ते कळेल. तुझी माय शेंगदाण्याची चटणी देतीय. शेंगा यंदाच्या, खडखडीत वाळलेल्या.

तुझे
अण्णा