ऑनलाईन फॉर्म भरायचे राहिलेल्यांनी वाचा (सगळ्यांनीच वाचा)

राम राम मंडळी. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. काल मी दुपारी बसलो तर दीड तास नुसतं गोल गोल फिरायलं, त्यात कॅपच्यातलं ते शून्य आहे का ओ हेच कळंना, कसंबसं सगळं भरलं अन् पासबुकचा फोटो टाकायला गेलो तर म्हणे फाईल मोठी आहे, ती बारीक करेस्तोवर सेशन संपलं, परत पहिल्यापासून! आज पहाटे पाचला उठून वीस मिनिटात झालं.

फोटोचा एक जुगाड सापडला. मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा (एचडी करू नका, डॉक्युमेंट म्हणून पण नाही) अन् तिथून सेव्ह करा, बराच बारीक होतो.

ज्यांचं जुनं सिम बंद पडलंय त्यांनी आधी आधार केंद्रावर नंबर बदला, ओटीपी जुन्याच नंबरवर जातो.

परवा ग्रुपवर ‘यादीत नाव बघा’ म्हणून आलेली एपीके फाईल कुणीही उघडू नका, ती उघडली की मोबाईलात भलतंच अ‍ॅप बसतं अन् त्यातून खात्यावर डल्ला पडू शकतो. ज्यानं टाकली त्यानं पण न बघता पुढं ढकलली होती, असो. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन लावा.

रविवारी सकाळी सातला मी मंदिरासमोर लॅपटॉप घेऊन बसतो, औशाला चकरा मारू नका. आधार, पासबुक अन् मोबाईल चार्ज करून आणा. मागच्या वेळी दोघांचे मोबाईल बंद, ओटीपी काय माझ्या कपाळावर बघायचा?